कम्युनियनच्या रांगेत जो उठत नाही, त्याचं काय?

मागच्या अंकात एका पत्राला उत्तर देताना मी ओघात लिहून गेले होते की मिस्साला (चर्चमधल्या उपासनेला) येणं आणि कम्युनियन (मिस्सात मिळणारा ख्रिस्तप्रसाद) घेणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एक केलं म्हणजे दुसरं केलंच पाहिजे असं नाही. त्यावर वसईपासून वेंगुर्ल्यापर्यंत इतकी पत्रं आणि व्हॉट्सअ‍ॅप आले की म्हटलं यावेळचं पान त्यालाच देऊ. नावं कुणाचीच छापत नाही. गाव ठेवलंय, पण काहींनी गावही नको म्हणून सांगितलं, आणि ते बरोबरच आहे, आपल्याकडे गाव सांगितलं की वाडी कळते नि वाडी कळली की घर.

प्रश्न : टीचर, आमच्या चर्चमध्ये एक बाई दर रविवारी येतात, अगदी वेळेवर, गाणी म्हणतात, उत्तरं देतात, पण कम्युनियनला उठत नाहीत. आमचा अख्खा बाक त्यांच्या गुडघ्यांना लागत लागत बाहेर पडतो आणि त्या तशाच बसून. सासूबाई म्हणतात काहीतरी असणार. मला प्रश्न असा पडतो की घ्यायचंच नाही तर यायचं कशाला? — एक वाचक, वसई

उत्तर : काहीतरी असेलही हो, पण ते काय आहे हे आपल्याला बाकावर बसून कळत नाही आणि कळायची गरजही नाही. यायचं कशाला, तर रविवारच्या मिस्साला हजर राहणं प्रत्येक कॅथलिकावर बंधनकारक आहे म्हणून. कम्युनियनचं बंधन मात्र वर्षातून निदान एकदा एवढंच आहे, तेही शक्यतो ईस्टरच्या काळात. हे १२१५ सालच्या चर्चच्या चौथ्या लॅटरन परिषदेत ठरलं आणि आजच्या, म्हणजे १९८३ च्या कॅनन लॉमध्येही (चर्चच्या कायद्यातही) कलम ९२० मध्ये तसंच आहे. म्हणजे त्या बाई ५१ रविवार बसून राहिल्या तरी नियम मोडत नाहीत.

आता गंमत बघा, वर्षातून एकदा तरी घ्या रे बाबांनो असा हुकूम काढावा लागला, याचा अर्थ त्या काळी बहुतेक माणसं घेतच नव्हती. मिस्साला यायची, फादरांनी ख्रिस्तप्रसाद उंच धरला की बघायची, हात जोडायची, घरी जायची. पुढे सतराव्या शतकात फ्रान्समध्ये जान्सेनिस्ट नावाची कडक मंडळी निघाली, त्यांनी तर लायकीची इतकी भीती घातली की चांगली चांगली माणसंसुद्धा लांब राहायला लागली. हे उलटं फिरवलं पोप दहावे पायस यांनी. १९०५ साली त्यांनी जाहीर केलं की ज्याच्या माथी गंभीर पाप नाही आणि ज्याचा हेतू सरळ आहे त्यानं वरचेवर, अगदी रोजही घ्यावं, आणि १९१० साली मुलांचं वय साधारण सात वर्षांवर आणलं. आपल्याकडे तरी हे लगेच कुठे मुरलं? माझ्या आजीच्या पिढीत शनिवारी कुमसार (कन्फेशन, म्हणजे फादरांपुढे पापांची कबुली) झालं तरच रविवारी पुढे जायचं, नाही झालं तर बसायचं, आणि त्यात कुणाला काही वाटायचं नाही कारण निम्मं चर्च बसलेलं असायचं. आता कन्फेशनची रांग छोटी झालीय आणि कम्युनियनची मोठी. त्यामुळे पूर्वी जो उठायचा तो नजरेत भरायचा, आता जो बसतो तो भरतो. तुमच्या सासूबाईंना ती बाई दिसते ती यामुळे.

बसायची कारणं म्हणाल तर ढीगभर आहेत आणि त्यातली अर्धी अगदी साधी असतात. घरून निघताना नातवानं उरलेला लाडू तोंडात कोंबला असेल (कम्युनियनच्या आधी तासभर काही खायचं नसतं). सकाळच्या मिस्साला घेतलं असेल, मग कुणाच्या तरी वर्षश्राद्धाची मिस्सा म्हणून परत आल्या असतील (दिवसातून दुसऱ्यांदा घेता येतं, पूर्ण मिस्सात भाग घेतला असेल तर, पण पुष्कळांना ते माहीतच नसतं). गुडघे दुखत असतील, आणि फादरांनी बाकापाशी येऊन द्यावं असं सांगायची लाज वाटत असेल. कदाचित कॅथलिक नसतील, लग्न होऊन आलेल्या असतील आणि आवडतं म्हणून येत असतील.

आणि एक कारण आपल्या कोकणातलं अगदी खास. भावाशी बोलणं बंद आहे. सातबाऱ्यावर नाव, सामाईक विहीर, दोन माडांची हद्द, काय वाटेल ते असू शकतं, आणि तो भाऊ चार बाक पुढे बसलेला आहे. मत्तयच्या पाचव्या अध्यायात येशूनं सरळ सांगितलंय की वेदीपाशी अर्पण घेऊन आलास आणि भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे हे आठवलं, तर अर्पण तिथेच ठेव, आधी जाऊन समेट कर, मग ये. मी अशी माणसं पाहिलीत जी हे वाक्य शब्दशः पाळतात आणि बसून राहतात. अशीही पाहिलीत जी भावाला कोर्टात खेचून, त्याच्याच मागे रांगेत उभी राहून तोंड उघडतात. कोणाची श्रद्धा जास्त हे मी ठरवणार नाही, पण गॉसिप नेहमी बसणाऱ्याबद्दलच होतं.

मग गंभीर कारण. संत पौलानं करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या अकराव्या अध्यायात आहे की माणसानं आधी स्वतःला पारखावं आणि मग भाकर खावी, प्याला प्यावा, कारण अयोग्य रीतीनं घेतलं तर तो स्वतःवरच न्याय ओढवून घेतो. यावरूनच कलम ९१६ आलं: ज्याला आपल्या गंभीर पापाची जाणीव आहे त्यानं कन्फेशनशिवाय घेऊ नये. गंभीर म्हणजे काय, तर तीन गोष्टी एकत्र लागतात, मामला मुळात गंभीर हवा, तो गंभीर आहे हे पूर्ण माहीत हवं आणि समजून उमजून आपल्या मर्जीनं केलेलं हवं. मुलावर ओरडलात, मिस्सात लक्ष लागलं नाही, शेजारणीचा हेवा वाटला, यासाठी बसायची गरज नाही, उलट कम्युनियननं अशी बारीकसारीक पापं धुतली जातात अशी शिकवण आहे. पण मिस्साच्या सुरुवातीला आपण सगळे मिळून पश्चात्तापाची प्रार्थना म्हणतो ना, तिनं गंभीर पाप सुटत नाही, ती कन्फेशनची जागा घेत नाही. हा घोळ फार जणांचा आहे म्हणून लिहितेय.

या वादावर मला सगळ्यात आवडतं ते हिप्पोच्या संत ऑगस्टीनचं. इसवी सन ४०० च्या आसपास त्यांना कुणीतरी विचारलं होतं की एकजण म्हणतो रोज घ्यावं, दुसरा म्हणतो रोज नको, कोण बरोबर? त्यांनी उत्तर दिलं की दोघांनी आपापल्या श्रद्धेनं जे योग्य वाटतं ते करावं आणि भांडू नये, बायबलमधले जक्कय आणि शतपती (रोमन सैन्यातला अधिकारी) हे दोघं काही भांडले नव्हते. जक्कयनं येशूला आनंदानं घरात घेतलं. शतपती म्हणाला, प्रभू तू माझ्या घरी यावंस एवढी माझी लायकी नाही. मान दोघांनीही दिला. आणि बघा, कम्युनियनच्या आधी आपण सगळे जे म्हणतो ते त्या शतपतीचंच वाक्य आहे, आणि ते म्हणून मग जक्कयसारखं उठून जातो.

पण हेही खरं की मान देता देता लांब राहायची सवय लागते, आणि सवयीचं पुढे काय होतं हे दहाव्या पायसनी बघितलं होतं म्हणूनच ते एवढे मागे लागले. पोप फ्रान्सिस यांनीही २०१३ साली लिहिलं होतं की हे परिपूर्ण लोकांना मिळणारं बक्षीस नाही, दुबळ्यांसाठीचं औषध आहे, अन्न आहे. म्हणून त्या बाईंच्या जागी तुम्ही असाल तर मी म्हणेन फादरांशी बोला. पण तुम्ही त्या बाई नाही आहात. तुम्ही फक्त एवढंच करा की जाताना त्यांचे गुडघे सांभाळा, आणि बाहेर चहाच्या टेबलावर त्यांच्याशी बोला, कम्युनियनचं नाही, पावसापाण्याचं.

प्रश्न : माझं लग्न रजिस्टर पद्धतीनं झालंय, नवरा हिंदू. दोन्ही घरून विरोध होता म्हणून चर्चची परवानगी वगैरे काही घेतली नाही. मुलांचा बाप्तिस्मा केलाय, नवऱ्याची काही हरकत नव्हती. मी मिस्साला येते पण कम्युनियन घेत नाही. आई म्हणते घे गं, रांगेत कोण विचारतंय? — गाव छापू नये

उत्तर : आईचं खरं आहे, रांगेत कुणी विचारत नाही, फादर तिथे चौकशी करत बसत नाहीत आणि बसूही नये. पण तुम्ही इतकी वर्षं स्वतःहून थांबलात, म्हणजे तुम्ही हे आईपेक्षा जास्त मनावर घेतलंय, आणि त्याबद्दल मला तुमचं कौतुक वाटतं. आता ऐका, तुमचं प्रकरण वाटतं तेवढं अडकलेलं नाहीये. स्पेशल मॅरेज अ‍ॅक्ट, १९५४ खालचं लग्न सरकारच्या दृष्टीनं पक्कं आहे, चर्चच्या दृष्टीनं मात्र कॅथलिक माणसाचं लग्न धर्मगुरू आणि दोन साक्षीदारांसमोर लागावं लागतं, आणि जोडीदाराचा बाप्तिस्मा झालेला नसेल तर बिशपांकडून डिस्पेन्सेशन, म्हणजे सूट घ्यावी लागते. तुमच्याकडे या दोन गोष्टी राहिल्यात एवढंच.

त्या नंतरही मिळतात. फादरांकडे जायचं, कागदपत्रं द्यायची, तुम्ही लिहून द्यायचं की मी माझा विश्वास सोडणार नाही आणि मुलांना कॅथलिक म्हणून वाढवायचा माझ्याकडून होईल तेवढा प्रयत्न करीन. नवऱ्यानं काहीही लिहून द्यायचं नसतं, त्यांना फक्त तुम्ही काय वचन दिलंय ते सांगायचं असतं. धर्म बदलायचा तर प्रश्नच नाही, हे मोठ्यानं लिहा असं मला आमच्याच पॅरिशमधल्या (चर्चच्या हद्दीतल्या) दोघीतिघींनी सांगितलंय कारण या भीतीनंच नवरे चर्चची पायरी चढत नाहीत. मग साधा छोटा विधी, ना मांडव ना बँड. आणि समजा नवरा म्हणाला मी परत लग्नाला उभा राहणार नाही, एकदा झालंय तेवढं बास, तरीही वाट आहे. लॅटिनमध्ये त्याला सानाशिओ इन राडिचे म्हणतात, त्यात बिशप आधीचंच लग्न मुळापासून वैध धरतात, परत शपथा घ्याव्या लागत नाहीत, फक्त दोघांची संसार करायची इच्छा टिकून असली पाहिजे. त्यानंतर कन्फेशन, आणि मग रविवारी उठायचं. आईला सांगा थोडी थांब.

प्रश्न : मी घटस्फोटित आहे, दुसरं लग्न केलेलं नाही. कोर्टाचा निकाल लागल्यापासून कम्युनियन बंद केलं कारण घटस्फोट घेतलेल्याला चालत नाही असं ऐकलंय. — एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : चुकीचं ऐकलंत. नुसता घटस्फोट झाला म्हणून कम्युनियन बंद होत नाही, दुसरं काही गंभीर मनात नसेल तर या रविवारपासून घ्या. इतकी माणसं या एका गैरसमजानं वर्षानुवर्षं बसून आहेत की मला खरंच राग येतो, कुणीतरी वेदीवरून हे वर्षातून एकदा तरी स्पष्ट सांगायला नको का?

अडचण येते ती पहिलं लग्न चर्चच्या ट्रिब्युनलनं, म्हणजे चर्चच्या कोर्टानं, रद्दबातल ठरवलेलं नसताना दुसरं केलं तर. ट्रिब्युनल घटस्फोट देत नाही, ते तपासतं की पहिलं लग्न मुळात वैध लागलं होतं का, म्हणजे जबरदस्ती होती का, काही लपवलं होतं का, लग्न म्हणजे काय हे पेलण्याची कुवत होती का. २०१५ साली पोप फ्रान्सिस यांनी ही प्रक्रिया सोपी केली, आधी दोन कोर्टांचे सारखे निकाल लागायचे ते आता एकाच निकालावर होतं. हे लक्षात ठेवा की हे दोन रस्ते वेगळे आहेत: चर्चचा निकाल सरकारी कायद्यात घटस्फोट धरला जात नाही (सुप्रीम कोर्टानं १९९६ सालीच सांगितलंय) आणि कोर्टाचा घटस्फोट चर्चमध्ये लग्न मोडल्याचा पुरावा धरला जात नाही. पुढेमागे लग्नाचा विचार असेल तर दोन्ही कागद लागतील.

ज्यांनी दुसरं लग्न आधीच केलंय त्यांच्याबद्दल २०१६ साली पोप फ्रान्सिस यांनी लिहिलं की प्रत्येकाची परिस्थिती वेगळी असते, धर्मगुरूसोबत नीट विचार करून वाट शोधावी, आणि एका तळटीपेत काही बाबतीत संस्कारांचीही मदत होऊ शकते असं म्हटलं. त्या एका तळटीपेवर जगभर जेवढी शाई सांडली तेवढी मूळ मजकुरावर नसेल. देशोदेशीच्या बिशपांनी अर्थ वेगवेगळा लावलाय, म्हणून यावर माझ्या पानावरून उत्तर घेऊ नका, आपल्या फादरांकडे बसा.

प्रश्न : टीचर, मी कॉलेजला आहे. आजी म्हणते पाळीच्या दिवसांत ओस्त (कम्युनियनची भाकर) घ्यायची नाही, चर्चला गेलीस तरी मागे बस. मैत्रिणींमध्ये कुणी पाळतं कुणी नाही. असा नियम आहे का? — एक वाचक, वेंगुर्ला तालुका

उत्तर : नाही गं बाळा. कॅनन लॉमध्ये नाही, मिस्साच्या नियमांत नाही, कुठेच नाही. आजूबाजूला सगळीकडे कावळा शिवला की बाहेर बसायची पद्धत होती, ती आपल्या घरांतही राहिली, बाप्तिस्मा झाला म्हणून शेजार थोडाच बदलतो.

आणि हा प्रश्न तू पहिल्यांदा विचारत नाहीयेस. पोप पहिले ग्रेगरी यांनी इंग्लंडला पाठवलेले ऑगस्टीन (वरचे नव्हेत, हे दुसरे, कँटरबरीचे, दोघांच्या मध्ये दोनशे वर्षं आहेत) यांनी रोमला हेच विचारलं होतं, आणि ग्रेगरींच्या नावानं आलेलं उत्तर बीड नावाच्या संन्याशानं ७३१ साली पुऱ्या केलेल्या इतिहासात दिलंय. उत्तर असं की त्या दिवसांत तिला चर्चमध्ये यायला किंवा कम्युनियन घ्यायला मनाई करू नये, शरीराचा धर्म म्हणजे पाप नव्हे, आणि रक्तस्रावाचा आजार असलेल्या बाईनं येशूच्या वस्त्राला हात लावला तेव्हा तो रागावला नव्हता, तिला बरं केलं होतं. शिवाय एखादी स्वतःच आदरानं थांबली तर ते चांगलंच, पण घेतलं तर तिला दोष देऊ नये असंही त्यात आहे. तेराशे चौदाशे वर्षांपूर्वीचं उत्तर आहे हे, आणि आपण अजून मागच्या बाकावर.

आजीशी भांडू नकोस. तिला ती भक्तीच वाटते. तू पुढे जा, आणि तिनं विचारलं तर ग्रेगरी पोपचं नाव सांग, पोपचं नाव निघालं की आमच्या पिढीतल्या बायका जरा थंड होतात.

प्रश्न : आमचे हे बोटीवर असतात, कधी कधी रविवार पाण्यातच जातो. परत आले की म्हणतात मिस्सा चुकली, कन्फेशन नाही, मी कशाला पुढे जाऊ. पावसाळ्यातले मासेमारी बंदीचे दोन महिने सोडले तर वर्षभर असंच. — एक वाचक, मालवण

उत्तर : रोजीरोटीसाठी समुद्रात आहे आणि जवळपास चर्चच नाही, अशा वेळी मिस्सा चुकली तर ते पाप नाही, त्यामुळे त्यासाठी कन्फेशनही नको. आजारी माणूस, तान्हं बाळ सांभाळणारी आई यांचंही तेच. बंधन असतं ते ज्याला येणं शक्य आहे त्याच्यावर. शनिवार संध्याकाळची मिस्साही रविवारची म्हणून चालते, रात्री बोट सुटणार असेल तर ती धरा. आणि पॅरिश प्रीस्टना योग्य कारण असेल तर सूट द्यायचा अधिकार असतो, एकदा बोलून मोकळं व्हा म्हणजे यांच्या मनातली टोचणी जाईल. जून-जुलैची वाट कशाला बघायची?

प्रश्न : सातच्या मिस्साला जाताना चहा-खारी चालते का? आमच्याकडे या एकाच मुद्द्यावर दर रविवारी भांडण. — एक वाचक, वसई

उत्तर : कम्युनियनच्या एक तास आधीपर्यंत चालते. मिस्साच्या नाही, कम्युनियनच्या, म्हणजे लांब प्रवचन करणारे फादर असतील तर तुमचा फायदाच. पाणी आणि औषध कधीही. म्हातारी आणि आजारी माणसं आणि त्यांची सेवा करणारे यांना तासाचंही बंधन नाही. पूर्वी मध्यरात्रीपासून पाण्याचा थेंबही चालत नसे, १९५३ साली पाणी मोकळं झालं, १९५७ साली तीन तास झाले आणि १९६४ पासून एक तास. घरात कोण कुठल्या सालात अडकलंय ते आता तुम्हीच बघा.

प्रश्न : मी हिंदू आहे. मित्राच्या बहिणीच्या लग्नाला सावंतवाडीला गेलो होतो, सगळे उठले म्हणून मीही रांगेत गेलो, फादरांनी मला ते दिलं नाही, डोक्यावर हात ठेवून पाठवलं. आमच्याकडे गणपतीत दारात येईल त्याला प्रसाद मिळतो. जरा वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. — एक वाचक, राजापूर

उत्तर : वाटणारच, आणि चूक तुमची नाही, मित्रानं आधी सांगायला हवं होतं. कॅथलिक माणूस असं मानतो की मिस्सात ती भाकर आणि तो द्राक्षारस खरोखर ख्रिस्ताचं शरीर आणि रक्त होतात, आणि समोर धरल्यावर तो जे आमेन म्हणतो त्यात हो, मी हे मानतो आणि मी या मंडळीतला आहे असं दोन्ही येतं. जे तुम्ही मानत नाही ते तुमच्या तोंडी घालायचं नाही म्हणून फादरांनी दिलं नाही. हे फक्त हिंदूंना नाही. आमच्या स्वतःच्या मुलांनाही तयारीचा क्लास करून पहिलं कम्युनियन होईपर्यंत मिळत नाही, आणि प्रोटेस्टंट ख्रिश्चनांनाही एरवी मिळत नाही. त्यांनी डोक्यावर हात ठेवला तो आशीर्वाद होता, हाकलणं नव्हतं.

पुढच्या वेळी अशा वेळी जागेवरच थांबा, कुणी बघत नाही (वसईच्या त्या सासूबाई सोडून). चुकून हातात पडलंच तर खिशात घालू नका, शांतपणे फादरांना परत द्या, ते रागावणार नाहीत. आणि जेव्हा नवरा किंवा नवरी यातलं एक कॅथलिक आणि दुसरं बाप्तिस्मा न झालेलं असतं, तेव्हा लग्नविधी मिस्साशिवायच करतात, शास्त्रवाचन, शपथा आणि आशीर्वाद एवढंच, त्यामुळे निम्मे पाहुणे बसून राहायचा प्रश्न येत नाही. प्रसादाचं म्हणाल तर आमच्याकडे तो मांडवात मिळतो, आणि तिथे पोटभर खाल्ल्याशिवाय कुणाला सोडत नाहीत, हे तुम्ही अनुभवलं असेलच.

प्रश्न : मुलीला गव्हाची अ‍ॅलर्जी, डॉक्टरांनी सीलिअ‍ॅक सांगितलंय. पहिलं कम्युनियन तोंडावर आलंय. तांदळाचं नाही का चालत? — एक वाचक, रेवदंडा

उत्तर : आपल्या भाकरीच्या मुलुखात हे जड वाटेल, पण नाही चालत, गहू आणि पाणी एवढंच. ग्लूटेन (गव्हातलं प्रथिन) अगदी कमी असलेली ओस्त चालते, पूर्ण काढून टाकलेली नाही. कमी ग्लूटेनवालीही तिला झेपेल का ते डॉक्टरांना विचारा, नाहीतर ती फक्त प्याल्यातून घेऊ शकते, एका थेंबातही कम्युनियन पूर्ण असतं. मात्र तिचा प्याला वेगळा ठेवायला सांगा, कारण फादर मोठ्या प्याल्यात ओस्तीचा तुकडा टाकतात. हे सगळं फादरांना आणि सिस्टरना आधी सांगून ठेवा, त्या दिवशी रांगेत नको.

प्रश्न : नोकरीत आयुष्य मुंबईला गेलं, रिटायर होऊन गावी आलोय. बायको गेल्यापासून मिस्साला जातो, मागे बसतो. कम्युनियन घ्यावंसं वाटतं पण कन्फेशन शेवटचं कधी केलं आठवत नाही, काय बोलतात तेही विसरलो. शिवाय आमचे फादर माझ्या पुतण्याच्या वर्गातले, त्यांच्यापुढे काय सांगू? — गाव छापू नये

उत्तर : काका, त्यांच्यापुढे नका सांगू. कुठल्याही पॅरिशमध्ये, कुठल्याही फादरांकडे कन्फेशन चालतं, एस्टी पकडून शेजारच्या तालुक्यात जा, कुणाला पत्ता लागणार नाही. ईस्टर आणि नाताळच्या आधी बऱ्याच ठिकाणी बाहेरून तीन-चार फादर बोलावतात ते यासाठीच, आणि सणाच्या नोव्हेनालाही (नऊ दिवसांच्या प्रार्थनेला) बाहेरचे येतात. आणि पुतण्याच्या वर्गातल्यांकडे गेलात तरी जे ऐकलं ते त्यांना जन्मात कुणाला सांगता येत नाही. कन्फेशनची गुप्तता फोडणारा फादर आपोआप बहिष्कृत होतो, इतका कडक नियम आहे.

काय बोलायचं, तर एवढंच म्हणा की फादर, बरीच वर्षं झाली, पद्धत विसरलोय, मदत करा. पुढचं ते विचारत विचारत घेतील. गंभीर जे जे आठवेल ते सांगायचं, साधारण किती वेळा तेही, जे प्रामाणिकपणे आठवत नाही त्याची काळजी करायची नाही, नंतर आठवलं तर पुढच्या वेळी सांगायचं. पश्चात्तापाची प्रार्थना पाठ नसेल तर कागदावर लिहून न्या, चष्मा विसरू नका. आणि शनिवारच्या गर्दीत जाऊ नका, तिथे मागे वीस माणसं उभी असतात आणि तुम्हाला घाई होईल, आधी फोन करून वेळ घ्या.